माठाच्या पाण्यात धुतलेला फोटो

प्रभा गेल्याचा फोन तिच्या मुलीने सकाळी केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सुटली गं बाई" असा. निघून गेल्यावर जीभ चावली. पोरीला काय वाटेल... पण तीच पलीकडून म्हणाली, "हो ना मावशी, झोपेतच गेली. आम्हीही तेच मागत होतो." वर्षभर प्रभाचा श्वास ऑक्सिजनच्या नळीवर चालला होता. त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिच्या प्रतापनगरच्या घरी दुपारभर बसून आले होते. तिला बोलवत नव्हतं, डोळेही मिटलेले. निघायला उठले तर पदर अडकला. खाटेला अडकला असेल म्हणून वळून पाहिलं, तर पदराचा काठ तिच्या मुठीत होता. मी पुन्हा खाली बसले. नंतरच्या रिक्षाचं बघू म्हटलं.

प्रभा माझी मामेबहीण. नरखेडकडच्या गावात मामाची संत्र्याची बाग होती. सत्तरच्या दशकात ती कॉलेजसाठी नागपूरला आमच्या घरी राहायला आली. आम्ही एका वयाच्या, एका वर्गातल्या, आणि एकाच वेणीफणीच्या डब्यावरून रोज भांडणाऱ्या. ती काही महिन्यांची असताना तिची आई क्षयाने गेली. बाळाला लागण नको म्हणून मामींची खाट बागेतल्या खोलीत हलवली होती आणि प्रभा मोठ्या काकूंजवळ वाढली. काकू मनाने वाईट नव्हत्या, पण तोंडाला कुलूप नव्हतं. "तुह्या मायनं तुले कधी मांडीवर घेतलं नाही," हे त्या आल्यागेल्यासमोर सहज सांगायच्या. प्रभा ते ऐकून घ्यायची आणि विहिरीवर पाणी आणायला जायची. घरात आईचा एकही फोटो नव्हता.

आमच्या फिजिक्सच्या सरांनी कॉलेजात फोटोग्राफीचा क्लब काढला, तेव्हा प्रभाने आधी नाव दिलं आणि मग माझंही देऊन टाकलं. क्लबचा एक कॅमेरा होता, वरून वाकून पाहायचा. सर शिकवत ते साधंच होतं : भिंगाचं भोक लहान केलं की जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट येतं, पण मग शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तेवढा वेळ हात हलला की संपलं. माझा हात तर देवाने हलण्यासाठीच दिलेला. माझ्या पहिल्या फोटोत सगळ्यांना पाय होते, डोकी कुणालाच नव्हती. सर हसले, वर्ग हसला, मीही हसले. प्रभा तेवढी हसली नाही. तिने हात वर केला आणि विचारलं, "सर, फोटोचा फोटो काढता येते का?" तेव्हा मला कळलं की ही बाई इथे कशासाठी आली आहे.

सावनेरला तिची सख्खी मावशी राहायची. मावशीच्या स्वतःच्या लग्नातला एक ग्रुप फोटो तिच्याकडे होता आणि त्यात अगदी कडेला मामी बसलेल्या होत्या. चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मावशी तो फोटो कुणालाही देत नसे, कारण लग्नातला दुसरा फोटो एका चुलतभावाने नेला तो कायमचाच. शिवाय फोटोला कडेने वाळवी लागायला सुरुवात झाली होती. अजून दोन-चार वर्षांत तो दाणाही गेला असता. प्रभाला आईचा चेहरा हवा होता, भिंतीवर लावता येईल एवढा, आणि त्याला आता फार वेळ उरलेला नव्हता.

परीक्षा संपल्या, सरांनी सुट्टीपुरता कॅमेरा आमच्या हवाली केला. आधी सरावाचा एक रोल काढला आणि घरीच धुवायचं ठरवलं. मे महिना. फिल्म डब्यात भरायला पूर्ण अंधार हवा, म्हणून आम्ही दोघी भर दुपारी न्हाणीघरात गोधडी पांघरून बसलो. बाहेरून माझी आई ओरडत होती, "काय करून राहिल्या वं पोरी? मरान ना आत!" घामाने निथळत बाहेर आलो, नळाच्या पाण्यात डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारी पूड, कालवली. नागपूरच्या मे महिन्यात दुपारचं नळाचं पाणी म्हणजे नुसती चहापत्ती टाकायची बाकी, हे रोज त्याच पाण्याने हात भाजून घेणाऱ्या आम्हा दोघींना त्या क्षणी आठवलं नाही. फिल्म बाहेर काढली तर तिच्यावरचा सगळा थर दुधाच्या सायीसारखा सुटून माझ्या बोटाला आला. खाली उरली कोरी, पारदर्शक पट्टी. प्रभा तिच्याकडे पाहत राहिली. "हे मायच्या फोटोच्या रोलचं झालं असतं तं?" एवढंच म्हणाली आणि रात्री जेवली नाही.

मावशीने अखेर फोटो दिला, पण अट घालून. "उद्या सांजच्या गाडीनं वापस पाह्यजे मले. आन् हात लावाचा नाही त्याले, कडेनं धरा." नागपूरला आणून आम्ही तो पाटावर चार टाचण्यांच्या आधाराने उभा केला आणि व्हरांड्याच्या सावलीत कॅमेरा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला. भिंगापासून फोटोपर्यंतचं अंतर सरांनी दिलेल्या गाठ मारलेल्या दोरीने मोजलं. शटर प्रभाने दाबलं. मला तिने अंगणात उभं केलं होतं, माझ्या श्वासानेसुद्धा काही हलेल म्हणून.

या वेळी पाणी माठातलं. बर्फवाल्याकडून भुशात गुंडाळलेली लादी आणली, घमेल्यात फोडून ठेवली आणि त्यात सगळ्या बाटल्या उभ्या केल्या. थर्मामीटर होता, तरी प्रभा दर वेळी मनगटाची आतली बाजू पाण्याला लावून बघत होती, लेकराच्या आंघोळीचं पाणी बघतात तशी. शेवटी डबा उघडायची वेळ आली आणि तिने तो माझ्या हातात दिला.

"तूच पाह्य वं. मले नाही पाहावत."

"काहून? एवढं केलं तं आता भेव वाटून राहिलं तुले?"

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी फिल्म उजेडाकडे धरली. निगेटिव्हवर असतात तसे उलट्या रंगात काळे चेहरे, पांढरे फेटे, सगळं वऱ्हाड जागच्या जागी. "आली वं, आली!" मी ओरडले, तशी ती ओल्या फरशीवर बसूनच हसायला लागली.

संध्याकाळच्या गाडीने फोटो सावनेरला पोचता केला. पुढच्या आठवड्यात सरांनी कॉलेजची अंधारखोली उघडून दिली. एन्लार्जरचं डोकं वर वर नेत त्यांनी मामींना कागदभर केलं. लाल उजेडात, थाळीतल्या पाण्याखाली आधी कपाळ आलं, मग कुंकू, मग नाक... मामी कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हत्या. मान खाली घातलेली आणि ओठांवर किंचित हसू. "खाली काय पाहून राहिली ही?" प्रभा पुटपुटली. मग कागदाचा खालचा भाग गडद होत गेला. त्यांच्या मांडीवर जी घडी घातलेली शाल आहे असं आम्ही आणि मावशीही समजत होतो, तिच्यातून एक इवलीशी मूठ बाहेर आलेली होती. मनगटात काळे मणी. मुठीत मामींच्या पदराचा काठ.

सर कागद उचलायला गेले, तर प्रभाने त्यांचा हात धरून थांबवला. तेवढं धाडस तिने आयुष्यात दुसऱ्यांदा कधी केलं नाही.

तो फोटो हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या पाण्यातून, काढून वाळवला आणि घेऊन दोघी पुन्हा सावनेरला गेलो. मावशीने चष्मा पुसून पुसून पाहिला. "मी तं नवरी, बाई. मान खाली. मले काय दिसते? माहेरी आली होती थे... आमच्या मायनं देलं असन मांडीवर. मायच थे, तिच्यानं राहावलं नसन."

"पण लेकरू कोनाचं हे?" प्रभाने विचारलं.

"कोनाचं म्हंजे? तवा घरात लेकरू एकच होतं. तूच."

परतीच्या एसटीत प्रभा खिडकीशी बसली आणि सावनेर ते नागपूर नुसती रडली. मी तिला गप्प केलं नाही. ते रडणं दुःखाचं नव्हतंच. मलाही इतकं हलकं वाटत होतं की स्टँडवर उतरल्यावर मी तिला उसाचा रस पाजला आणि वेणीफणीचा डबा कायमचा देऊन टाकला. काकूंना तिने तो फोटो दाखवला, वादबिद काही घातला नाही. काकूंनी तो बराच वेळ पाहिला आणि त्यानंतर ते वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

पुढे प्रभा शाळेत शिक्षिका झाली. घरातल्या प्रत्येक लग्नाचे, बारशाचे फोटो तिनेच काढले आणि सगळ्यांना वैताग आणला. "हात खाली नका घेऊ, हात दिसू द्या," म्हणत ती अख्खं वऱ्हाड ताटकळत ठेवायची. आमच्या घरातल्या एकाही फोटोत कुणाचा हात कापला गेलेला नाही.

मामींचा तो फोटो तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर शेवटपर्यंत होता. तेराव्याला गेले, तेव्हा तिच्या मुलीने तो तिथेच राहू दिलेला दिसला. खाट मात्र काढून टाकली होती. मी त्या मोकळ्या जागेत उभी राहून फोटो पाहिला. तिने पदर धरला त्या दुपारी मी तिच्याजवळ दिवेलागणीपर्यंत बसले होते. मुलगी दोनदा येऊन म्हणाली, "मावशी, हळूच सोडवू का पदर?" मी नको म्हटलं. गाढ झोप लागली तशी प्रभाची मूठ आपोआप सैल झाली.