सुनेला हवी, अक्षरे तीन

बाभुळगावच्या त्या दुपारी मला आजही अर्धवट झोपेत पाहिल्यासारख्या आठवतात. ओसरीवर उन्हाचा एक चौकोन हळूहळू सरकत असायचा. सरकी काढायच्या जिनातून उडालेले कापसाचे तंतू हवेत तरंगत यायचे आणि खाली उतरायची काही घाई नसल्यासारखे फिरत राहायचे. घरात आम्ही तिघंच. मी अठरा वर्षांची नवी सून, माझ्या सासूबाई आणि सासरे. सासरे गावच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. नवरा तिकडे ढाणकीला मास्तर होता, सणावाराला घरी यायचा. साल साठ-एकसष्ट असावं.

सासरे गावच्या वाचनालयाचे चिटणीसही होते. नागपूरहून एसटीनं येणारं वर्तमानपत्र गावभर वाचून झालं, की जुने अंक टाचून ठेवण्यासाठी आमच्या घरी येत. रविवारच्या अंकात गूढ शब्दकोडं असायचं. अंक वाचनालयाचा, त्यावर पेन्सिल टेकवायची नाही, हा नियम सासऱ्यांनीच केलेला आणि त्यांनीच सगळ्यांत कडक पाळलेला. म्हणून ते महिनाभर जुनं कोडं पाटीवर उतरवून घेत आणि दुपारभर त्याच्यासमोर डोळे मिटून बसत. उत्तराचा अंकही घरातच पडलेला असायचा. पण तो त्यांनी आधी कधी उघडला नाही. माझ्याच्यानं असा धीर धरवला नसता.

सून सासऱ्यासमोर बोलत नाही, ही आमच्याकडची रीत. त्यांनी काही विचारलं, तर दाराआडून बांगड्या वाजवायच्या, म्हणजे ‘हो’. ‘नाही’ म्हणायचं असेल तर काय करायचं, ते कुणी सांगितलंच नव्हतं. तशी वेळ येणार नाही, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

एका दुपारी सासऱ्यांचा डोळा लागला होता. मी पाण्याचा तांब्या ठेवायला ओसरीवर गेले. पाटीवर कोडं अर्धं सुटलेलं, आणि खाली त्यांच्या वळणदार अक्षरात एक सूत्र लिहिलेलं. ‘नवरा जागा होतो, त्याच्या पोटात सिंहासनाचा धनी. अक्षरे दोन.’ माझ्या हाताला काय झालं कोण जाणे. मी पेन्सिल उचलली, चौकोनात ‘राजा’ लिहिलं आणि आत पळाले.

जागे झाल्यावर त्यांनी पाटी पाहिली. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. चौथं कुणी घरात नव्हतं, एक मांजर सोडली तर. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि त्या मांजरीलाच जवळ बोलावलं.

“माऊ, राजा कसा आला ते आयक,” ते दाराकडे तोंड करून म्हणाले. “‘नवरा जागा’ सलग वाच. पुढचा ‘नव’ सोड, मागचा ‘गा’ सोड. मधात कोन बसला हाये?”

मी दाराआड थक्क होऊन उभी. मी तर सिंहासन पाहून राजा लिहिलं होतं. तो शब्दांच्या पोटात खरोखरच बसलेला मला दिसलाच नव्हता.

तेव्हापासून रोज दुपारी मांजरीची शिकवणी सुरू झाली. ‘गरीब माघारी वळला की पाणी वाहू लागते.’ गरीब म्हणजे दीन, उलटा केला की नदी. एकदा तर त्यांनी स्वतःच सूत्र रचलं. ‘पिकाचे डोके उडवा, पुसदकडे नदी वाहील.’ ‘कापूस’मधला ‘का’ काढला की उरते पूस, पुसदची नदी. मांजर बिचारी ऐकता ऐकता झोपून जायची. मी मात्र विहिरीवर पाणी शेंदताना, पीठ मळताना शब्द उलटेसुलटे करत असायची. दिसेल त्या शब्दाच्या आत आणखी एखादा शब्द झोपलेला असणार, असं वाटायचं. इतकी सुखात मी त्या घरात आधी कधी नव्हते.

पण मनात एक सल होता. लग्न ठरलं तेव्हा मी अकरावीत, म्हणजे त्या काळच्या मॅट्रिकच्या वर्गात होते आणि मॅट्रिकची परीक्षा राहून गेली ती गेलीच. आता बाहेरून बसता येणार होतं. नवऱ्याला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं, ‘घरात बाबा आहेत, त्यांना विचार.’ सासूबाईंकडे शब्द टाकून पाहिला. त्या म्हणाल्या, “भाकरी थापाले कायची मॅट्रिक लागते?” संपला विषय.

मग मी माझं सूत्र रचलं आणि रिकाम्या पाटीवर तीन चौकोन आखून खाली लिहिलं. ‘डोके उडालेल्या रिक्षाच्या पुढे पंखवाली बसली. सुनेला हवी. अक्षरे तीन.’ पंखवाली परी, रिक्षाचा ‘रि’ उडवला की उरतो ‘क्षा’.

सासऱ्यांना उत्तर पहिल्याच मिनिटाला आलं असणार. त्यांनी पाटी हातात घेतली. मग मांजरीला म्हणाले, “हे कोडं काही सुटून नाही राह्यलं बुवा.” दुसऱ्या दिवशीही तेच. मला असा राग आला म्हणून सांगू! उत्तर लिहिलं की बायकोपाशी विषय काढावा लागणार, आणि हेडमास्तर शाळेत वाघ असले तरी घरात शेळीच होते.

तिसऱ्या दिवशी दसरा. सासूबाईंनी पहाटेच पूजेसाठी पाटी धुतली आणि तिच्यावर सरस्वती काढून घेतली. माझं कोडं पुसलं गेलं. फॉर्मची शेवटची तारीख चार दिवसांवर होती. सासरे पूजेला बसले होते. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“मामाजी, मले मॅट्रिकची परीक्षा द्याची आहे. फारमाले चारच दिवस राह्यले.”

माझा आवाज माझाच मला परका वाटला. सासरे हातात फूल घेऊन तसेच राहिले. ते माझ्याकडे न पाहता सासूबाईंकडे पाहू लागले. मीही तिकडेच पाहिलं, कारण बोलणी खायची ती तिथूनच. सासूबाईंनी हातातलं ताम्हण खाली ठेवलं.

“सून समोर बोलली,” सासरे हळूच म्हणाले.

“बोलली ते बरं केलं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बापाले म्या बारा वर्सं जेवू घातलं. त्यायनं माहा आवाज कधी आयकला नाही. ते गेले तवा मी रडली, तोच पयला. पन तवा आयकाले ते होते कुठं? उद्या जा, अन हिचा फारम घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सासरे यवतमाळला गेले. मी चुलीपाशी बसले होते. सासूबाईंना वर्षभर मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं ते एकेक आठवत गेलं आणि मला रडू आवरेना.