सिलिंडरवाले मामा

सिलिंडर उचलायचा नसतो. तिरका करून तळाच्या कडेवर फिरवत न्यायचा. अंगात जोर असलेली माणसं पहिल्याच आठवड्यात कंबर धरून बसतात. मामांच्या अंगात जोर बेताचाच होता, तरी सव्वीस वर्षं त्यांनी रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर फिरवले. मी त्यांच्याबरोबर एकोणीस वर्षं होतो.

संपलेल्या सिलिंडरवर खडूने फुली मारायची आमची पद्धत होती. मामांना तेवढं पुरत नसे. ते प्रत्येक सिलिंडरवर लोखंडी पाना हलकेच मारून ऐकत. रिकामा खणखणतो, भरलेला दबका वाजतो. मलाही तसंच करायला लावत. मी कंटाळलो की म्हणत, ‘‘कान भाड्याने आणलेत का? वाजव.’’

साथ आली तेव्हा गाड्या वेळेवर येईनात. लिफ्ट रुग्णांसाठी ठेवली होती, म्हणून आम्ही रॅम्पवरून दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डापर्यंत सिलिंडर चढवायचो. तोंडावर दोन-दोन मास्क. निम्म्या वाटेवर छाती फुटायला येई. वर निघण्याआधी मामा क्षणभर हात जोडून उभे राहत.

‘‘मामा, देवाला सांगा, दोन गाड्या जास्त पाठव,’’ सिस्टर म्हणायच्या.

‘‘सांगितलं. पण त्याच्याकडेही ड्रायव्हर आजारी आहेत म्हणे.’’

सिस्टर हसायच्या. पुढे त्यांचंही हसणं बंद झालं.

मग मामीच आजारी पडून त्या वॉर्डात आल्या. खिडकीजवळची खाट. मी एकदा विचारलं, ‘‘आता हात जोडून मामींसाठी मागता ना?’’

‘‘गाडी येऊ दे म्हणतो. कुणासाठी ते सांगत नाही. वॉर्डात तीस माणसं आहेत.’’

सिलिंडर कुणाला आधी, हे चालू सिलिंडरमध्ये किती उरलंय ते दाखवणाऱ्या काट्यावर ठरायचं. ज्याचा काटा सर्वांत खाली, त्याला पहिला. हा नियम मामांनीच घातला होता आणि डॉक्टरांनी मान्य केला होता.

त्या दुपारी गाडी तीन तास उशिरा होती. शेडमध्ये फुली नसलेले दोनच सिलिंडर उरले. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या शिंप्याचा काटा लाल पट्ट्यात गेला होता. मामींचा त्याच्या थोडा वर. दोघांना दोन, हिशेब सरळ होता. मी एक घेतला आणि पळत सुटलो. मामा दुसरा घेऊन मागून आले.

मी शिंप्याला सिलिंडर जोडला, चावी फिरवली. काटा हलला नाही. पुन्हा फिरवली. काहीच नाही. सकाळी शेडमध्ये जंतुनाशक फवारलं होतं, त्यात खडूची फुली धुऊन गेली होती. आणि मी तो वाजवून बघितला नव्हता.

तोवर शिंप्याचा जुना सिलिंडर संपलाच. त्याचे ओठ काळे पडू लागले.

मामा मामींच्या खाटेशी पोचले होते. सिलिंडर उभा केला होता, जोडायचाच बाकी होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामींच्या काट्याकडे.

‘‘तू जरा थांब,’’ ते मामींना म्हणाले. ‘‘गाडी येतेय. श्वास सावकाश घे.’’

मामींनी त्यांची बाही धरली होती. त्यांनी ती सोडवली आणि सिलिंडर शिंप्याकडे फिरवत आणला. जोडून चावी फिरवली. काटा वर चढला.

गाडी पन्नास मिनिटांनी आली. तोपर्यंत सिस्टरनी मामींचा ऑक्सिजन निम्म्यावर आणून पुरवला. मामी त्या दिवशी वाचल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, त्या पन्नास मिनिटांमुळे का? ते म्हणाले, फुप्फुसं आधीच गेली होती. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ते पुढच्या खाटेकडे गेले. शिंपी पंधरवड्याने चालत घरी गेला.

मामी गेल्यावर मामा पाचव्या दिवशी कामावर आले. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो, बाहेर गाडी उभी होती. मी म्हणालो, ‘‘मामा, तो सिलिंडर मी वाजवला नव्हता.’’

‘‘माहीत आहे. वाजवला असतास तर वर आणला नसतास.’’

‘‘मग बोला ना काहीतरी. दोन ठेवून द्या.’’

‘‘दोन पाळ्या सलग केल्या होत्यास तू. जेवलाही नव्हतास.’’

‘‘राग येत नाही?’’

‘‘येतो.’’ त्यांनी हातमोजे चढवले. ‘‘राग आला की मी काम हळू करतो. घाईत हात चुकतो, आणि वर माणसं आहेत.’’

एका गाडीत चोवीस सिलिंडर. ती रिकामी करायला आम्हाला चाळीस मिनिटं लागायची. त्या दिवशी मामांना दोन तास लागले. मी मदतीला पुढे झालो, तर त्यांनी मान हलवून मला बाजूला उभं केलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी त्याला गप्प बसायला सांगितलं.