चरबी प्यालेली करवत

एदेल्मिरा ग्वेन्तेओच्या हाती आयुष्यात चार चेनसॉ आले आणि चारही एकापेक्षा एक नालायक निघाले. पहिला नवऱ्याचा, अबेलिनोचा. त्याचा ब्रेक लागत नसे; त्यात तिच्या डाव्या हाताची करंगळी गेली. दुसरा थंडीत सुरू होत नसे, आणि चिलीच्या दक्षिणेकडच्या चिलोए बेटावर थंडी कधी नसते? तिसऱ्याची साखळी तुटली ती उडून थेट शेजारच्या खुराड्यात. अबेलिनो होडीसकट बुडाल्यावर अशा भंगाराच्या जिवावर तिने गावाला सरपण पुरवलं. गावाने तिला तोंडाळ ठरवलं. तिचंही गावाबद्दल फार बरं मत नव्हतं.

चौथा चेनसॉ दिराने दिला. फिदेलिसिओचं बंदरावर दुकान होतं.

"घ्या वहिनी, भेट. नवा कोरा."

कोरा कसला! रंग अजून हाताला लागत होता. आणि भेटीच्या पाठोपाठ खरं काम निघालं. घराखालची जमीन म्हणे अबेलिनोची नव्हतीच, बापाची होती, म्हणजे आता फिदेलिसिओची.

"जूनमधल्या सान हुआनच्या सणापर्यंत घर हलवा. त्या दिवशी सूर्य मावळल्यावर माझ्या जमिनीवर जे उरेल, ते माझं."

त्या बेटावर घर हलवणं म्हणजे थट्टा नव्हे. लाकडी घराखाली ओंडके सारायचे, बैलांच्या जोड्या जुंपायच्या आणि अख्ख्या गावाने मिळून ओढायचं. याला मिंगा म्हणतात. मजुरी नाही, घरमालकाने पोटभर जेवू घालायचं. पण बोलवायला दारोदार जावं लागतं, आणि निम्म्या दारांशी एदेल्मिराचं भांडण होतं. दात-ओठ खात ती गेली. सुनिल्दा मान्सिया या एकुलत्या एका मैत्रिणीने समुद्रात शिरलेल्या टोकापलीकडे जागा देऊ केली. वाट एकच, किनाऱ्याच्या वाळूवरून, तीही ओहोटी असेपर्यंत.

सणाच्या सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. बैल जुंपले. आणि पाहतात तर किनाऱ्याच्या उतारावर कोइग्वेचं भलं मोठं झाड आडवं! रात्री वाऱ्याची झुळूकही नव्हती. बुंध्याशी करवतीचा ताजा, गुळगुळीत काप होता.

कुंपणापाशी फिदेलिसिओ नळीने मातेचा कडू चहा ओढत उभा होता.

"अरे वा!" एदेल्मिरा ओरडली. "म्हणजे तुझ्याकडे चालणारा चेनसॉपण आहे! मला मात्र रंगवलेलं मढं दिलंस!"

"माझ्या जमिनीवरचं माझं झाड, वहिनी. वाट मोकळी करायचं तुमचं तुम्ही बघा."

तिने दोरी ओढली, शिव्या घातल्या, पुन्हा ओढली. यंत्र खोकत सुरू झालं. पातं अर्ध्या खोडात शिरलं, भपकन धूर निघाला आणि साखळी जाम. ना पुढे, ना मागे.

सुनिल्दाचा भाऊ ओनोफ्रे टाकीचं झाकण उघडून वाकला. "बाई, साखळीच्या तेलाऐवजी काय घातलंत?"

"डुकराची चरबी. वितळवून. तुझी आई काय घालते?"

"चरबीच. पण ती जानेवारीत, उन्हाळ्यात! आत पांढरी वडी जमलीय बघा. पावाला लावून खा आता."

"तुझ्या तोंडाला लावते. तुझी करवत आण!"

ओनोफ्रेने आणली. तिचा खटका काडी कोंबल्याशिवाय टिकत नसे. दुसऱ्याची करवत पेट्रोल पँटवर उडवायची. तिसऱ्याची तापली की बंद पडायची; तिला गार होईपर्यंत शेवाळावर निजवावं लागे. असली कळकट यंत्रं आळीपाळीने रडत होती आणि एदेल्मिरा प्रत्येकाच्या मालकाचा उद्धार करत होती.

"लाज नाही वाटत? याने लोणी तरी कापलं जाईल का?"

"बाई, तुमची तर लोण्यातच अडकलीय!"

तिची रुतलेली करवत तशीच ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना त्यांनी दोन नवे काप घेतले. मधला ओंडका बैलांनी बाजूला ओढला, तोवर भरतीचं पाणी वाळूवर पसरायला लागलं होतं. मग सगळे दोऱ्यांना भिडले. घर कुरकुरत उतरलं, बैल गुडघाभर पाण्यातून टोकाला वळसा घालून गेले. उंबऱ्याला लाट लागली, पण चूल कोरडी राहिली.

सगळे मिल्कावांवर, बटाट्याच्या जाड भाकऱ्यांवर, तुटून पडलेले असताना एदेल्मिरा टेकडीवरून एकटी परत गेली, राहिलेल्या कोंबड्या आणायला. त्या पकडून ती कुंपणाबाहेर पडली आणि सूर्य बुडाला. फिदेलिसिओ रिकाम्या जागेवर उभा होता.

"वहिनी, तुमचा चेनसॉ त्या ओंडक्यातच राहिला. घेऊन जा. असल्या घाणीने माझं झाड सडवू नका."

एदेल्मिराच्या दोन्ही काखांत कोंबड्या होत्या; बोट दाखवता येईना म्हणून तिने पश्चिमेकडे नुसती हनुवटी उडवली.

"मावळला की रे! आता जे उरलं, ते तुझं."

ती टेकडी चढत असताना मागून चेनसॉची दोरी ओढल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग शिवी ऐकू आली. ती वळली नाही. तिकडे ओनोफ्रे तिच्या वाटचे मिल्काव संपवत असणार, याची तिला खात्री होती.