मूळ जागी सोडली

"निंबाचं झाड, खाली पानठेला, डाव्या हाताले नाली." कुत्रं जाळ्यात घेण्याआधी मामा असा पत्ता मोठ्यानं म्हणायचे. पानठेल्यावरचे लोक चमकून बघायचे.

कानाचा शेंडा कापलेली कुत्री तुम्हीही पाहिली असतील. नसबंदी झाल्याची ती खूण. अशा कुत्र्याला जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, हा नियम. मी महापालिकेच्या कुत्री नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर आणि मामा कुत्री पकडणारे. जागा रजिस्टरमध्ये लिहिलेली असायची, पण मामांचा कागदावर भरोसा नव्हता.

एकदा सदर भागात मी गाडी रस्त्याच्या अलीकडेच उभी केली. मामांनी पिंजरा उघडला नाही. "पलीकडची आहे ते. ह्या बाजूले तिचं कोन आहे गा?" भर ट्रॅफिकमध्ये मला गाडी वळवावी लागली. कुत्रीला उतरवताना त्यांचा चेहरा पोरीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा झाला होता. आम्ही फार हसायचो त्यांना.

चांदी ही जरीपटक्याच्या बाजारातल्या एका भाजीवालीची लाडकी कुत्री. पुढचे दोन्ही पाय पांढरे. तिला परत सोडायच्या दिवशी मामा रजेवर होते. तिथल्या एका वजनदार दुकानदाराचा मला फोन आला, "ते कुत्रं इथं परत आणू नको." मला कटकट नको होती. माझं घर रिंगरोडकडे, म्हणून जाता जाता तिला रिंगरोडच्या पलीकडे उतरवलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, मूळ जागी सोडली.

दोन दिवसांनी भाजीवालीनं मामांना गाठलं. "मामा, माही चांदी कवा आनता?"

मामांनी रजिस्टर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कुठं सोडली गा?"

मी खरं ते सांगितलं. आम्ही लगेच निघालो.

चांदी नालीच्या कडेला पडली होती. तिथल्या कुत्र्यांनी तिचा गळा फाडला होता. मामा खाली बसले आणि तिचा कापलेला कान अंगठ्यानं चोळत राहिले. "तिले इथलं काहीच ठाऊक नोतं," एवढंच म्हणाले. तिला पोत्यात गुंडाळून ते मागं पिंजऱ्यांजवळ बसले. बाजारामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी एकट्यानं खड्डा खणला. मला कुदळीला हात लावू दिला नाही.

त्यानंतर मामा माझ्या शेजारी कधी बसले नाहीत. मागं कुत्र्यांतच बसायचे. पत्र्यावर दोन थापा म्हणजे थांब, एक म्हणजे चल. तेवढंच आमचं बोलणं. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा "गाडी चालव" म्हणाले. साहेबांकडे मात्र त्यांनी माझी तक्रार केली नाही. केली असती तर मला बरं वाटलं असतं.

रिटायर झाले त्या दिवशीही गळ्यातल्या हारासकट ते मागंच चढले. मी त्यांना घरी सोडायला निघालो. डोळे भरून आले होते, त्या नादात त्यांचं घर मागं टाकून चार दारं पुढं गेलो. दोन थापा पडल्या. मी गाडी हळूहळू मागं घेतली आणि बरोबर त्यांच्या दाराशी लावली.

मामा उतरले. पत्र्यावर एक थाप पडली.