तानुबाईच्या विहिरीतला फेस

भिमाजी भोसरीच्या शाळेमागच्या खोल्यांत माझा शेजारी होता. मूळ गाव बीडकडचं, आष्टी तालुक्यातलं. १९७५ साली तो एका लहानशा वर्कशॉपमध्ये लागला. तिथे बेकरीचे ट्रे आणि कापडगिरण्यांचे रूळ यांवर पांढरा लेप फवारून भट्टीत भाजत. मग त्यांना काही चिकटत नसे. एकदा त्याने एक टाकाऊ ट्रे घरी आणला आणि त्यावर गुळाचा पाक ओतला. पाक थेंबभरही न राहता ओघळून गेला.

"बघा गुरुजी! गंजत न्हाई, कुजत न्हाई. तेजाब टाका, कायबी होत न्हाई." जणू लेपाचा शोध त्यानेच लावला होता.

शिफ्ट संपली की फवारणीची भांडी धुण्याचं काम त्याच्याकडे असे. धुवणाचं पाणी ताकासारखं पांढरं. ते मागच्या नाल्यात ओतायचं, असा मालक शरच्चंद्र साहेबांचा हुकूम. भिमाजी दर एकादशीला आळंदीला जाऊन इंद्रायणीत स्नान करी. हाच नाला पुढे इंद्रायणीला मिळतो हे त्याला कळलं, आणि डबा उपडा करताना त्याचा हात थांबू लागला.

"गुरुजी, मातीत घातलं तर?"

"मातीत सगळं कुजतं," मी म्हणालो. पाचवीच्या वर्गाला मी तेच शिकवत होतो.

गावाकडचा उकिरडा त्यालाही ठाऊक होता. शेण, राख, खरकटं, काहीही टाका, वर्षभरात खत. वर्कशॉपच्या कुंपणापलीकडे तानुबाईचं वांग्याचं रान आणि विहीर होती. तिला विचारून त्याने तिच्या उकिरड्याशेजारी खड्डा खणला. रोज दोन डबे पांढरं पाणी तिथे न्यायचं, ओतायचं, वर शेण आणि पाला पसरायचा. त्यापायी घरी यायला अर्धा तास उशीर होई. कारखान्यातली मंडळी त्याला गवळी म्हणू लागली. तानुबाईनेही ते उचललं.

"काय रं गवळ्या, मालकाच्या म्हशीला दूध लई सुटलंय?"

"लई! पर इरजण लागंना, मावशी."

चार वर्षं हे चाललं. मग एका उन्हाळ्यात, विहीर तळाला गेली असताना, तानुबाईने पोहऱ्यातलं पाणी घागरीत ओतलं तर वर फेस आला. साबणाचा फेस विरतो, हा दुपारपर्यंत तसाच. कुणीतरी विहिरीवर धुणं धुतलं म्हणून ती शेजारणींशी भांडली. भिमाजीने मात्र तो फेस ओळखला; धुवणाच्या डब्यावर रोज असाच चढायचा. त्याने खड्डा उकरला. शेणाचं खत झालं होतं, पाल्याचं झालं होतं. पांढरं मात्र ओल्या चुन्यासारखं थर धरून बसलं होतं.

तो माझ्याकडे आला तेव्हा नखांत माती होती. मी म्हणालो, "आधी नोकरीचा विचार कर. कुणाला काही माहीत नाही."

"तिची नातवंडं पितेत ते पानी, गुरुजी."

त्याने जाऊन सांगितलं. तानुबाईने भरलेली घागर अंगणात ओतून टाकली. मग म्हणाली, "म्या तुला इस्वासानं जागा दिली. तुझी नदी सोवळी ऱ्हावी म्हनून माझी हीर बाटवलीस व्हय रं?"

गावात बोभाटा झाला. शरच्चंद्र साहेबांनी नगरपालिकेला लेखी दिलं, की आमचं पाणी पहिल्यापासून नाल्यातच जातं. एका कामगाराने परवानगीशिवाय भलतीकडे टाकलं, त्याला कामावरून काढलं आहे. ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून नवा माणूस डबे नाल्यात ओतू लागला आणि कुणाची तक्रार उरली नाही.

त्या लेपात फ्लोरिन असतं, त्यासोबत वापरलेली काही रसायनं माती, पाणी, ऊन कशानेच मोडत नाहीत, फक्त जागा बदलतात, हे मी निवृत्तीनंतर वर्तमानपत्रात वाचलं. तेव्हा आम्हाला वाटलं, विहीर उपसली की झालं.

भिमाजीने डिझेलचा पंप आणला. दोन रविवार आम्ही दोघांनी विहीर उपसून पाणी रानात सोडलं. ते मुरलं आणि फेसासकट परत विहिरीत आलं. तिसऱ्या रविवारी तानुबाई बांधावर उभी राहून म्हणाली, "माझ्या रानात आता थेंब सोडायचा न्हाई."

रानाला लागून दुसरं होतं काय? नालाच.

त्याने पाईप ओढत बांधापलीकडे नेला. मग त्याने पाईपचं तोंड नाल्यात सोडलं आणि पंप चालू केला. फेसाचे गोळे एकामागून एक वाहत गेले.

"गुरुजी," त्याने मान न वळवता विचारलं, "हितनं आळंदीला पोचाया किती वेळ लागंल?"

"संध्याकाळपर्यंत पोचेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. तो गेला नाही. त्यानंतरही कधी गेला नाही.