आत्याचं तिखट उटणं

केमजवळच्या आमच्या मळ्यात न पेरता भरघोस यायचा तो लव्हाळा. वडील शिव्या घालत तो उपटायचे आणि मागून आत्या त्याच्या मुळांच्या काळ्या गाठी ओच्यात गोळा करायची.

"आक्का, तण हाय ते!"

"तुला तण. मला नागरमोथा."

आत्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. घरात तिला कुणी काही कमी पडू दिलं नव्हतं, पण भावाच्या जिवावर बसून खाणं तिला जड जायचं. म्हणून त्या वर्षी तिनं दिवाळीचं उटणं करून विकायचं ठरवलं. बांधावरची आंबेहळद, पाटाच्या कडेचा वाळा, गावठी गुलाबाच्या पाकळ्या, लिंबाच्या साली, सगळं माळवदावर वाळत पडलं. एकाहत्तर-बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. त्या वासासाठी मी अजूनही काहीही देईन.

अडचण एकच होती. विधवेच्या हातचं उटणं सणाच्या पहिल्या अंघोळीला लावणार कोण? तोंडावर कुणी बोलत नसे. शेजारणी पुडी हुंगायच्या, वाखाणायच्या आणि "उद्या बघू की" म्हणून ठेवून द्यायच्या. शेवटी आईनं गळ घालून गल्लीत घरोघरी पुड्या खपवल्या. मागणी झाली तसं जातं पुरेना, म्हणून उरलेलं सामान गिरणीत नेलं. गिरणीवाल्यानं नुकतीच कुणाची तरी लवंगी मिरची दळली होती. चाकी न झाडताच त्यानं आमचा डबा ओतला. वाळ्याच्या घमघमाटात कुणालाच काही कळलं नाही.

कळलं ते नरक चतुर्दशीला. फटाक्यांच्या आधी गल्लीत बोंब उठली. मोठमोठे मिशीवाले बाप्ये पाटावरून उठून हौदाकडे पळाले. आत्या दह्याचं मडकं घेऊन घरोघरी धावत होती. दुपारपर्यंत आग थांबली, गिरणीवाल्यानं चूकही कबूल केली. तरी आडावर एक बाई बोललीच, "मिरचीचं निमित्त झालं. पांढऱ्या कपाळाच्या बाईचा हात लागला की असंच व्हनार."

मला त्या बाईचा आजही राग येतो. आत्या रडली नाही. घरी आली, उरलेल्या पुड्या उकिरड्यावर ओतल्या आणि वर्षभर उटण्याचं नाव काढलं नाही.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर वडीलच म्हणाले, "आक्का, घरापुरतं तरी कर." तिनं केलं, पण सगळं जात्यावर, आणि थोडंसंच.

दिवाळीच्या पहाटे वडिलांनी पाट न्हाणीत न मांडता दारापुढं, भर रस्त्यात मांडला आणि उघड्या अंगानं त्यावर बसले. "आक्का, ये. उटणं तूच लाव. ओवाळायचं बी तूच."

आत्या उंबऱ्यातच थांबली. "आरं, लोक बघत्यात. सणाचा दिवस हाय. आन ओवाळायचा हक न्हाय मला."

"लोकांनी बघावं म्हनूनच हितं बसलोय. थंडी लई हाय, आटप."

आईनं निरांजनाचं ताट तिच्या हातात दिलं. आत्यानं ज्योत सांभाळत वडिलांना सावकाश ओवाळलं. मग तिनं वडिलांच्या पाठीला उटणं लावलं. समोरच्या दारांत बायका बघत उभ्या होत्या.

त्याच दिवशी गल्ली उटण्यावर तुटून पडली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. एकच शेजारीण वाटी घेऊन आली, तीही मागच्या दारानं. दुसऱ्या वर्षी बायका पुढच्या दारानं आल्या, आणि नंतर आत्याच्या पुड्या करमाळ्याच्या बाजारात जाऊ लागल्या.

पण त्या सकाळी हे काही माहीत नव्हतं. आई फराळाला हाका मारून थकली, आत्या ओट्यावर बसून राहिली. दुपारपर्यंत तिनं उटण्याचे हात धुतले नाहीत.