शेवटची पंधरा मिनिटं

माझी आई ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये सफाईचं काम करते. शो सुटला की पुढच्या शोच्या आत थिएटर साफ करायचं असतं, म्हणून त्या सगळ्या जणी झाडू आणि काळ्या पिशव्या घेऊन आधीच आत जाऊन दाराशी उभ्या राहतात. त्यामुळे गेल्या सहा वर्षांत आईने शेकडो सिनेमांची फक्त शेवटची पंधरा मिनिटं पाहिली आहेत. पूल कोसळतात, गाड्या उडतात, कोणीतरी मरतं. सुरुवात तिने एकाही सिनेमाची पाहिलेली नाही.

डोंबिवलीजवळ कोपरच्या आमच्या खोलीत भाकरी थापताना ती मला विचारायची, "अगं, तो आजचा शेवटी मेला तो कोण होता? भाऊ की दोस्त?" मला ठाऊक असलं तर मी आधीची गोष्ट सांगायचे. खाटेवरून बाबा ओरडायचे, "बंद करा ती थेटरं! आधीच श्वास लागतोय इथे."

बाबा डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीत होते. फुप्फुसं गेली, नोकरी गेली. मला आठवतात तेव्हापासून ते खोकणारे आणि चिडणारेच. आधी ते कसे होते, हे मी एकदा आईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारतेस? लग्नात अंतरपाटाच्या पलीकडूनसुद्धा खोकल्याचाच आवाज आला होता." आम्ही हसलो. पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि वेळ फार उरला नव्हता.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाला सरांनी प्रोजेक्ट दिला: मोठ्या सिनेमात मारामारी आणि माणसं यांचा तोल. सर म्हणाले, आधी माणूस कळला नाही तर शेवटचा स्फोट नुसता आवाज ठरतो. मला ते पटलं, तरी मी आईला विचारलं, कुठला शेवट लक्षात राहिला? तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली,

"एकात बिल्डिंगी पडत होत्या. सगळे पळतायत, आणि तो वाकून पोरीच्या चपलेचा पट्टा लावतोय. त्या दिवशी तुला काही विचारलं नव्हतं मी."

प्रोजेक्ट अर्धा असतानाच बाबांना सरकारी रुग्णालयात न्यावं लागलं. मी मनाशी ठरवलं होतं, निदान त्यांच्या लहानपणाचं तरी विचारायचं. धीर करून विचारलं. त्यांनी ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला, तेवढ्यात सिस्टर धावत आली.

"बोलायला लावू नका त्यांना! कळत नाही का?"

मी मास्क परत वर सरकवला.

संध्याकाळी आई ड्युटीवरून तशीच गणवेशात आली. वॉर्डात स्टूल नव्हतं, म्हणून ती खाटेला टेकून उभी राहिली. बाबांची छाती भात्यासारखी हलत होती, डोळे वर जात होते. तशात त्यांनी एक गुडघा जवळ घेतला, मग थांबून दुसरा. पायथ्याशी रिकामी झालेली जागा तळव्याने थोपटली.

आई म्हणाली, "राहू द्या हो, पसरा पाय." त्यांनी पसरले नाहीत. शेवटी ती बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. त्यांच्या लहानपणाचं मी त्यानंतर कोणालाही विचारलेलं नाही.